जुन्या आवृत्तीची ओढ : परमपदपट, मोक्षपट आणि खेळांची पुनर्घटना

कुंभकोणम् या नगराचे नाव तमिळ वैष्णव परंपरेत एका हरवलेल्या ग्रंथाच्या शोधाशी जोडलेले आहे. गुरुपरंपरेतील कथा अशी : वीरनारायणपुरात, म्हणजे आजच्या काट्टुमन्नारकोयिल येथे, नाथमुनींनी काही यात्रेकरूंच्या मुखातून नम्माळ्वारांची दहा पदे ऐकली. ती कुंभकोणम्‌च्या आरावमुद म्हणजे शार्ङ्गपाणी या देवतेविषयी होती. शेवटच्या पदात ही सहस्रांतील दहा होत असा उल्लेख होता. उरलेली कोठे आहेत असे नाथमुनींनी विचारले. परंतु गाणाऱ्यांना दहाच येत होती. नाथमुनी त्या शोधात प्रथम कुंभकोणम्‌ला आणि तेथून नम्माळ्वारांच्या जन्मग्रामी गेले. मधुरकवींच्या स्तोत्राची बारा सहस्र आवर्तने केल्यावर त्यांना केवळ ती सहस्र पदेच नव्हे, तर चार सहस्रांचा संपूर्ण दिव्यप्रबंध प्राप्त झाला, असे परंपरा सांगते. कथेतील अद्भुताचा भाग बाजूस ठेवला तरी तिच्यातील एक निरीक्षण मोलाचे आहे. जुन्याची ओढ सर्वस्वी नष्ट झालेल्या वस्तूविषयी निर्माण होत नाही. जो अवशेष स्वतःच आपण अवशेष असल्याचे सांगतो, त्याच्यापासून ती निर्माण होते.

याच नगरात १८८० पासून उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे शासकीय महाविद्यालयात तमिळचे अध्यापक होते. तेथे मुन्सफ म्हणून आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियार यांनी त्यांचे लक्ष जीवकचिंतामणीकडे वेधले. त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि प्राचीन तमिळ साहित्याच्या पुनःप्राप्तीचे एक मोठे पर्व सुरू झाले. मराठी अभ्यासकासही हे नगर परके नाही. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत हा प्रदेश मराठी राज्यकुलाशी निगडित होता. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्म कुंभकोणम् येथील मराठी घराण्यात १८२८ मध्ये झाला.

ग्रंथ हरवतो आणि सापडतो, हे साहित्याच्या इतिहासाने मान्य केलेले आहे. परंतु खेळ हरवला तर तो कशा रूपाने सापडतो? अलीकडील काही दशकांत जुन्या खेळांचे, विशेषतः त्यांच्या जुन्या आवृत्त्यांचे, पुनरुज्जीवन करण्याचा उद्योग जगात अनेक ठिकाणी चालू आहे. हा उद्योग करणारे बहुतांशी व्यावसायिक नसून रसिक आहेत. त्यांच्या प्रयत्नांचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकास ओळखीचे वाटावे असे आहे; कारण पाठभेद, मूळ संहिता, कर्तृत्व आणि प्रयोग हे सारे प्रश्न तेथेही उपस्थित होतात.

स्मरणरंजन आणि गतकातरता

मराठीत या ओढीसाठी दोन शब्द रूढ आहेत : स्मरणरंजन आणि गतकातरता. दोन्ही एकाच पाश्चात्त्य संज्ञेचे प्रतिशब्द म्हणून योजले जातात. तथापि त्यांचा रोख एक नाही. स्मरणरंजनात गेलेल्या काळाकडे पाहून मन सुखावते. गतकातरतेत ते व्याकूळ होते. मूळ पाश्चात्त्य संज्ञा योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथील प्रबंधात घडविली, ती घराच्या ओढीने होणाऱ्या एका व्याधीचे नाव म्हणून. पुढे व्याधीचा अर्थ मागे पडला आणि स्थळाच्या ओढीची जागा काळाच्या ओढीने घेतली. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार मानले आहेत. एक पुनःस्थापनेचा : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारा. दुसरा चिंतनाचा : घर परत येणार नाही हे जाणून त्या अंतरावरच मन स्थिर करणारा. खेळांच्या पुनरुज्जीवनात हे दोन्ही प्रकार एकाच मंडळीत, किंबहुना एकाच मनुष्यात, शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

कोणत्याही खेळाची तीन अंगे मानता येतात. पहिले साधन : पट, सोंगट्या, कवड्या, फासे. दुसरे नियम : लिखित वा मौखिक. तिसरे रीत : कोणी, केव्हा, कोणासमवेत, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या बोलीत खेळावयाचे याविषयीचा संकेत. साधन वस्तुसंग्रहालयात टिकते आणि नियम ग्रंथात टिकतात. रीत मात्र खेळणाऱ्यांबरोबर जाते. पुनरुज्जीवनाचे यशापयश बहुधा या तिसऱ्या अंगावर अवलंबून असते.

एक पाश्चात्त्य उदाहरण

या प्रक्रियेचे सर्वांत सजग उदाहरण अमेरिकेतील भूमिकाखेळाच्या क्षेत्रात आढळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यात एक खेळाडू सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो. इतर खेळाडू योद्धा, मांत्रिक आदी भूमिका घेऊन आपली कृती बोलून दाखवितात, आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांनी लागतो. भातुकलीचा खेळ लहानपणी पाहिलेल्या मराठी वाचकास यातील ‘तू अमुक हो, मी तमुक होतो’ हा करार अपरिचित नाही. येथे त्या कराराला नियमांची चौकट मिळाली, एवढेच.

त्या पहिल्या पुस्तिका अपुऱ्या होत्या. युद्धाच्या नियमांसाठी त्या ‘चेनमेल’ नावाच्या दुसऱ्या पुस्तिकेचा आणि भूप्रदेशातील प्रवासासाठी आणखी एका खेळाच्या पटाचा आधार गृहीत धरीत. उरलेल्या जागा प्रत्येक मंडळीने आपापल्या परीने भरल्या. पुढील आवृत्त्यांत या जागा नियमांनी भरत गेल्या. १९७७ ते १९७९ या काळात विस्तृत ग्रंथ निघाले, १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली, १९९७ मध्ये मूळ प्रकाशनसंस्था विकली गेली आणि २००० मध्ये नव्या मालकांनी तिसरी आवृत्ती काढली. तिच्यासमवेत एक खुला परवानाही दिला. त्यामुळे नियमांचा मोठा भाग इतरांना वापरता येऊ लागला.

या परवान्याचा उपयोग नव्यासाठी होईल अशी अपेक्षा होती. काही रसिकांनी त्याचा उपयोग जुन्यासाठी केला. २००६ मध्ये ‘ऑस्रिक’, २००७ मध्ये ‘लॅबिरिन्थ लॉर्ड’ आणि २००८ मध्ये ‘सोर्ड्स अँड विझर्डरी’ हे नियमग्रंथ निघाले. दुर्मीळ झालेल्या आवृत्त्यांचे नियम त्यांत नव्या शब्दांत मांडलेले होते. यामागे कायद्यातील एक भेद होता. अमेरिकन कायद्यानुसार खेळाची पद्धती कॉपीराइटखाली येत नाही, तिची शब्दरचना येते. म्हणून जुन्या ग्रंथाची प्रत काढणे निषिद्ध, परंतु त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगणे शक्य. टीकाकार मूळ श्लोक न देता केवळ अन्वयार्थ देतो, आणि त्या अन्वयार्थावरून वाचक पुन्हा श्लोकापर्यंत पोहोचतो, तशी ही स्थिती होती.

या चळवळीचा गाभा मात्र ग्रंथाच्या प्रतिकृतीत नव्हता. मॅट फिंच यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या एका लहान पुस्तिकेत जुन्या खेळाची खूण सांगितली ती अशी की, तेथे तयार नियमापेक्षा सूत्रधाराचा त्या क्षणीचा निर्णय महत्त्वाचा. म्हणजे जी उणीव पुढील संपादकांनी दोष मानून भरून काढली, तीच या रसिकांना मूळ खेळाचा गुण वाटली. येथे एक अडचणही उभी राहते. १९७४ मध्ये खेळणाऱ्यांनी उणीव हेतुपुरस्सर निवडलेली नव्हती. तिच्यावाचून त्यांना दुसरे काही उपलब्धच नव्हते. त्यांची ती परिस्थिती होती, पुनरुज्जीवन करणाऱ्यांची ती निवड आहे. जुनी आवृत्ती अक्षरशः तीच असली तरी तिचा अर्थ बदलतो तो यामुळे. मालकी आणि रसिकता यांतील ताणही येथे स्पष्ट झाला. जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना संकुचित करण्याचा प्रस्ताव बाहेर येताच तीव्र विरोध झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस प्रकाशनसंस्थेने पाचव्या आवृत्तीची मूलभूत नियमसंहिता कायम मुक्त वापरासाठी खुली केली.

परमपदपट आणि मोक्षपट

भारतीय परंपरेत या प्रश्नांचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे ज्याचे आजचे रूप ‘सापशिडी’ म्हणून ओळखले जाते, तो पट होय. तमिळ प्रदेशात तो परमपदसोपानपट वा नुसता परमपद, मराठीत मोक्षपट, उत्तरेत ज्ञानचौपड. वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरण करताना परमपद खेळण्याची चाल तमिळ घरांत आहे. त्या दिवशी विष्णुमंदिरांचे परमपदद्वार उघडते आणि भक्त त्यातून जातात. कुंभकोणम्‌च्या शार्ङ्गपाणी मंदिरात मात्र असे स्वतंत्र द्वार नाही. देव प्रत्यक्ष वैकुंठातून येथे आला, म्हणून त्याच्या दर्शनास येणाऱ्याला निराळ्या द्वाराचे प्रयोजन नाही, अशी तेथील श्रद्धा आहे. मंदिरात जे द्वार नाही, ते घरातील पटाच्या माथ्यावर आहे. आणि तेथपर्यंत पोहोचण्यास रात्रभर फासे टाकावे लागतात, हा योग लक्षणीय म्हटला पाहिजे.

हा पट वस्तुतः एक वाचनीय संहिता आहे. प्रत्येक घराला नाव असते : लोक, वृत्ती, पाप, पुण्य, देवता. शिडीच्या पायथ्याशी दया, भक्ती, दान यांसारखा गुण असतो. सर्पाच्या मुखाशी अहंकार, मत्सर, हिंसा यांसारखा दोष. तमिळ पटांवर सर्पांना पुराणांतील असुरांची नावे दिलेलीही आढळतात. सोंगटी जेथे थांबते ते नाव उच्चारावयाचे, वडीलधाऱ्यांनी त्याची कथा सांगावयाची, लहानांनी ऐकावयाची, हा खेळाचा अर्धा भाग. खेळणारा एका जीवाच्या भूमिकेत असतो. तो जन्मतो, चढतो, घसरतो. या अर्थी हाही एक भूमिकाखेळच होय. फक्त येथे भूमिका एकच, आणि ती सर्वांची सारखी.

संहिता म्हटली की पाठभेद आले. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे, जैन पटांत ८४, सूफी वळणाच्या पटांत १०० च्या आसपास. वैष्णव पटाच्या एका प्रसिद्ध रूपात वैकुंठ शेवटच्या घरी नसून ६८ व्या घरी आहे. फासा अधिक पडल्यास सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढे जाते, आणि ७२ व्या घरी तमोगुणाचा सर्प तिला खाली पृथ्वीवर आणून सोडतो. अंतिम घर हे अंतिम साध्य नव्हे, साध्याच्या पलीकडे जाणे हेही पतनच, हा विचार येथे वाक्यांत नव्हे, तर घरांच्या क्रमांकांत सांगितलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा प्रथम घरांना ख्रिस्ती नीतीची चित्रे मिळाली, पुढे तीही गळाली. सर्प आणि शिड्या यांचा समतोल साधला गेला. शंभरावे घर हे सरळ शर्यतीचे टोक झाले. अमेरिकेत १९४३ मध्ये सर्प जाऊन घसरगुंड्या आल्या. हेच निर्नाम रूप छापील पुठ्ठ्यावर भारतात परतले आणि शाळकरी मुलांची सापशिडी बनले. जुन्या पटाची ओढ आज ज्यांना वाटते, त्यांपैकी बहुतेकांचे बालपण या परत आलेल्या आवृत्तीत गेलेले आहे. त्यांचे स्मरणरंजन एका आवृत्तीचे आणि गतकातरता दुसऱ्या, स्वतः कधीही न खेळलेल्या आवृत्तीची, अशी ही मौजेची स्थिती आहे.

पुनर्घटनेचे प्रयत्न विविध आहेत. हरीश जोहरी यांनी १९७० च्या दशकात ७२ घरांच्या पटावर घरागणिक विवरण लिहून तो पाश्चात्त्य वाचकांपुढे ठेवला. तेथे तो आत्मचिंतनाचे साधन बनला. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मधील लेखात संग्रहालयांतील पटांची पद्धतशीर नोंद केली. तेथे तो कलेतिहासाचा पुरावा बनला. मैसूरमध्ये तिसरे कृष्णराज वोडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात खेळांचा मोठा संग्रह सचित्र सिद्ध करविला होता. त्याच नगरातील रामसन्स कला प्रतिष्ठानाने पारंपरिक पटांची प्रदर्शने भरविली. चेन्नईतील ‘क्रीडा’ या संस्थेने परमपद, पल्लांगुळी आदी खेळ नव्याने तयार करून घरांत पोहोचविले. या प्रत्येकाने पटाचे एक अंग वाचविले. सर्व अंगे एकत्र कोणालाही वाचविता आली नाहीत, आणि ते शक्यही नव्हते.

मराठीत या खेळाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. ही समजूत लोकप्रिय आहे. परंतु ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांत तिला आधार सापडत नाही, आणि उपलब्ध जुने पट मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. ही समजूत खोटी म्हणून सोडून देण्यापेक्षा ती का निर्माण झाली हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. ग्रंथाला कर्ता असतो; खेळाला बहुधा नसतो. जुन्याची ओढ मात्र कर्त्यावाचून अस्वस्थ राहते, कारण कर्ता मिळाला की मूळ आवृत्ती मिळते, आणि मूळ आवृत्ती मिळाली की इतर सर्व पाठ अपभ्रष्ट ठरविता येतात. अमेरिकेतील रसिक गायगॅक्स यांच्या प्रत्येक शब्दाचा कीस काढतात त्यामागे हीच प्रेरणा आहे. मोक्षपटाच्या बाबतीत मात्र ७२, ८४ आणि १०० घरांचे पाठ हे एका मूळ पटाचे अपभ्रंश मानण्यास कारण नाही. प्रत्येक संप्रदायाने आपला मार्ग त्या चौकटीत मांडला. येथे अनेकता हीच मूळ अवस्था असावी.

साधन राहते, रीत जाते

सावंतवाडीचा गंजिफा हे याच प्रश्नाचे दुसरे टोक. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते असतात. ही हस्तकला लोपत चालली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात चिताऱ्यांना आश्रय देऊन ती पुन्हा उभी केली. तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि आज हे पत्ते घेणाऱ्यांपैकी बहुतेक ते चौकटीत मढवितात. त्यांवर डाव मांडणारे फार थोडे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक रंग प्रमुख आणि रात्री दुसरा, ही खेळातील सूक्ष्मता चित्राच्या सौंदर्यात दिसत नाही. साधन पूर्णपणे वाचले. रीत काठावर राहिली.

याच्या उलट उदाहरण कुंभकोणम्-तंजावर परिसरातील भागवत मेळ्याचे. मेलट्टूर, सालियमंगलम्, तेप्पेरुमानल्लूर आदी गावांत नृसिंहजयंतीच्या सुमारास ग्रामस्थ पुरुष तेलुगू नृत्यनाटके करीत आले. मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांची ‘प्रह्लादचरित्र’, ‘उषापरिणय’ इत्यादी नाटके त्यांत प्रमुख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेलट्टूरचा हा मेळा क्षीण होत गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक मंडळींनी तो पुन्हा उभा केला आणि पुढे ई. कृष्ण अय्यर यांच्या प्रयत्नाने तो बाहेरच्या रसिकांपुढे आला. यांतील नट धंदेवाईक नाहीत. नोकरीनिमित्त अन्यत्र राहणारेही त्या दिवसांपुरते गावी परततात. नृसिंहाचा मुखवटा देवळात पूजेत असतो, आणि तो धारण करणारा उपोषण करतो. गावात पुढे दोन निराळे संघ झाले आणि दोघेही आपापल्या रीतीने प्रयोग करीत राहिले. बाहेरून पाहणाऱ्यास ही फूट वाटेल. पाठपरंपरेच्या दृष्टीने मात्र एकाच संहितेच्या दोन जिवंत शाखा शेजारी शेजारी नांदत आहेत असे म्हणता येईल. येथे वस्तू थोडी आहे. जे टिकले ते परत येण्याचे निमित्त होय. वर्षातून एकदा गावी येण्यामुळे गतकातरतेला ठिकाण आणि तिथी मिळते, आणि ती निव्वळ हळहळ राहत नाही.

अभ्यासकाचे काम

या उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली : जुनी आवृत्ती परत आणणे म्हणजे तिची प्रत काढणे नव्हे, प्रत काढल्याने साधन वा शब्द मिळतो, खेळ मिळत नाही. दुसरी : रसिकांचे पुनरुज्जीवन हे संशोधकांच्या कामाहून कमी प्रतीचे मानण्याची प्रथा सोडावयास हवी. नियमांतील कोणत्या जागा रिकाम्या होत्या, आणि त्या खेळणाऱ्यांनी कशा भरल्या, हे प्रत्यक्ष खेळल्यावाचून कळत नाही. तिसरी : रसिकांच्या उत्साहात मूळ एकच आणि शुद्ध असल्याचा आग्रह शिरतो, तेव्हा अभ्यासकाने पाठभेदांची बाजू घेतली पाहिजे.

प्रश्न तातडीचाही आहे. पट संग्रहालयांत सुरक्षित आहेत. परंतु कोणत्या घरी कोणती कथा सांगत, सर्पाच्या मुखी पडलेल्यास काय म्हणून चिडवीत, कवड्यांच्या दानांना कोणती नावे होती, डाव पहाटेपर्यंत न संपल्यास काय करीत, हे ज्यांना आठवते ती पिढी वृद्ध झाली आहे. भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ही सामग्री आपल्या क्षेत्राबाहेरची मानली, तर उद्या पटावरील नावे तेवढी राहतील आणि त्यांचे निरूपण जाईल. त्या निरूपणात तमिळ, तेलुगू, मराठी, कन्नड या भाषांची बोली रूपे, म्हणी आणि पुराणकथांचे घरगुती पाठ साठलेले आहेत. ते अन्यत्र लिहिलेले सापडतीलच असे नाही.

नाथमुनींच्या कथेत दहा पदे गाणारे यात्रेकरू अनामिक आहेत. त्यांना उरलेली पदे येत नव्हती, आणि आपण एका महान ग्रंथाचा धागा हाती धरून आहोत याची जाणीवही नसावी. ते केवळ आवडीने गात होते. त्यांनी गाणे सोडून दिले असते तर नाथमुनींना विचारण्यास काही उरले नसते. एकादशीच्या रात्री परमपद मांडून बसणारी घरे आज त्याच यात्रेकरूंच्या जागी आहेत. विचारणारा तेथे वेळेवर पोहोचणे तेवढे आवश्यक आहे.